होडीची वाटणी

बापाच्या मागे घर राहिलं, ते आईच्या नावावर होतं. औषधाचं दुकान राहिलं, ते थोरला आधीपासूनच चालवत होता. राहता राहिली एक होडी, आणि तिच्यावरून दोघे भाऊ असे अडून बसले, जणू आरमारच वाटून घ्यायचं होतं.

होडी केवढी, तर दोन माणसं बसतील आणि तिसरं बसलं तर पहिल्या दोघांना पोहता यायला हवं, एवढी. शिडाची, लाकडी, बापाच्या लग्नाच्याही आधीची. बाप गेल्यापासून ती धक्क्यामागच्या शेडमध्ये लाकडी घोड्यांवर पालथी पडली होती. कोरड्या हवेत लाकूड आकसलं. फळ्याफळ्यांमधला जुना कापूस आणि पुट्टी भुगा होऊन गळून गेली. सांधे असे उघडले की एका बाजूने वाकून बघितलं तर आरपार पलीकडचा उजेड दिसायचा.

थोरला तोलूनमापून बोलणारा. खोकल्याचं औषध मागितलं तरी आधी खोकून दाखवायला सांगणारा. धाकटा किल्ल्या बनवायचा. बाजाराच्या तोंडाशी त्याचा एवढासा गाळा. निम्म्या वस्तीची कुलपं त्याच्या ओळखीची आणि सगळी वस्ती त्याच्यापासून जपून. एकदा त्याने शेजारच्या इमारतीतल्या दारांच्या घंट्यांच्या तारा अशा फिरवून ठेवल्या की एकाची घंटा दाबली की दुसऱ्याच्या घरात वाजायची. आठवडाभर लोक एकमेकांच्या पाहुण्यांना चहा पाजत बसले. थोरल्यालाही त्याने एक किल्ली करून दिली होती. ती मजल्यावरच्या सगळ्या दारांना लागायची, फक्त थोरल्याच्या दाराला नाही. पन्नाशी आली तरी खोड जात नव्हती. बायको म्हणायची, "दाढी पिकली, शेपूट तसंच."

पण त्या होडीत बसलं की हाच माणूस गप्प व्हायचा. वाऱ्याला टोपी घालता येत नाही, हे त्याला बापाने तिथेच शिकवलं होतं. सगळ्या जगात तेवढी एकच जागा होती, जिथे कोणाची खोडी काढावी असं त्याच्या मनात यायचं नाही. ती जागा त्याला हवी होती. थोरल्यालाही हवी होती. का, ते थोरला सांगायचा नाही. तो कधीच काही सांगायचा नाही, म्हणून तर त्याचा संशय यायचा.

शेवटी आईने तोड काढली. आई जन्मभर शाळेत शिकवत आली. कॉपी पकडण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. मागच्या बाकावर कागद सरकला तर तिला फळ्याकडे तोंड करून कळायचं.

"धक्क्यावरचा हॉटेलवाला होडी मागतोय," ती म्हणाली. "मधून कापून, उभी करून, दारात कपाट करणार आहे. बाटल्या ठेवायला."

"कापून?" दोघे एकदमच बोलले. बऱ्याच वर्षांत ते असे एका वेळी एक शब्द बोलले नव्हते.

"तुमच्या भांडणापेक्षा कपाट बरं. नाहीतर असं करा. दोघांनी मिळून दुरुस्त करा. मग दोघांनी बसून लाल पिंपाला वळसा घालून परत या." लाल पिंप म्हणजे बंदराच्या तोंडाशी तरंगणारं खुणेचं पिंप. "मी धक्क्यावर उभी राहणार. आत पाणी घोट्याला लागलं, की होडी हॉटेलवाल्याची. नाही लागलं, तर तुमची."

"दोघांनी मिळून?" थोरल्याने विचारलं. आईने नजर वर केली तशी त्याने मान डोलावली.

आता मिळून म्हणजे काय, हे आईने सांगितलं नव्हतं. तिथेच घोळ झाला. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये थोरला खडू घेऊनच आला.

"होडीच्या पाठीच्या कण्यावरून सरळ रेघ मारू," तो म्हणाला. "उजवी बाजू माझी, डावी तुझी. ज्याची बाजू गळेल, त्याच्या कपाळी शिक्का. उगाच मागून म्हणायला नको, की याने केलं, त्याने केलं."

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही."

"तुझ्यावर?" थोरल्याने चष्मा पुसला. "तुझ्या किल्लीवरही नाही."

धाकट्याने खडू घेतला आणि नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, रेघ ओढत निघाला. कण्याच्या मधोमध एक लांबट खाच असते. तिच्यातून एक पातं खाली पाण्यात सोडतात, म्हणजे वाऱ्याने होडी आडवी घसरत नाही. तर खडू त्या खाचेत पडला आणि आत कुठेतरी टणटणत गेला. थोरल्याने खिशातून दुसरा काढला. "खाच सोडून पुढे ओढ," तो म्हणाला. धाकट्याने खाच सोडली आणि पुढे ओढली.

काम तसं बापाने दोघांना शिकवलेलं. आधी आकड्याने सांध्यातली जुनी घाण खरवडून काढायची. मग कापसाचा सैलसर पेड घ्यायचा, बोथट पटाशी त्यावर टेकवायची आणि लाकडी मोगरीने ठोकत ठोकत तो सांध्यात बसवायचा. फार ठोकला तर फळ्या पाण्यात फुगल्यावर कापूस त्यांनाच ढकलतो, कमी ठोकला तर गळतो. पोट भरलं की सांधा स्वतः सांगतो. आधी आवाज बद्द येतो, मग टणक. त्यावर पुट्टी, त्यावर रंग.

होडीच्या दोन्ही अंगांना दोन स्टुलं. मध्ये पालथी होडी, त्यामुळे भाऊ एकमेकांना दिसत नव्हते. दिसायच्या फक्त उघड्या फटी. धाकटा वाकला की आपल्या फटीतून आत, होडीच्या अंधाऱ्या पोटातून, पलीकडच्या फटीत थोरल्याचा शर्ट हलताना दिसायचा. मध्ये त्या खाचेवर आतून बसवलेली पात्याची लाकडी पेटी आडवी यायची, तिच्यामागे थोरला गेला की दिसेनासा व्हायचा. धाकटा त्या पेटीला मनातल्या मनात शिव्या घालायचा. मान तिरकी करून बघायचा, तर पेटी तिथेच.

आणि गंमत अशी, की जसजसं काम होईल तसतशी फट बुजायची. जेवढा सांधा पक्का, तेवढा भाऊ दिसेनासा. धाकट्याने म्हणूनच डोळ्याच्या उंचीवरची एक फट शेवटपर्यंत भरली नाही. एका सकाळी त्याने त्या फटीला डोळा लावला, तर समोरच्या फटीत एक डोळा होता. चष्म्याच्या काचेमागचा. तो मिचकला नाही, हलला नाही.

"काय बघतोस?" धाकटा म्हणाला.

"तू काय बघतोस ते," पलीकडून उत्तर आलं.

मग दोघांनीही खाकरून मोगऱ्या चालू केल्या. थोरल्याची टक, टक, टक, घड्याळासारखी. धाकट्याची कशीही, मनात गाणं असल्यासारखी. थोरल्याची मोगरी थांबली की धाकट्याच्या मनात पाल चुकचुकायची. आता हा का थांबला? पाणी पितोय? की वाकून माझ्या बाजूला हात घालतोय?

तेवढ्यात एक दिवस खरंच आक्रीत घडलं. धाकटा दुपारी जेवून आला, तर त्याच्या बाजूचा, स्वतः ठोकून बसवलेला कापूस एका जागी वितभर बाहेर लोंबत होता. कोणीतरी टोकदार वस्तूने उपसल्यासारखा. त्याने सांध्यात बोट घालून बघितलं. तो घरी जाऊन बायकोला म्हणाला, "दादा घातपात करतोय."

"भाऊजी?" बायकोला हसू आवरेना. "त्यांनी आयुष्यात कधी रांग मोडली नाही."

"तीच माणसं धोक्याची. आपल्याला सवय नसते."

"चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं, तेच तुम्हाला सगळीकडे दिसतंय."

हे खरं होतं, म्हणूनच त्याला लागलं. त्याने कापूस पुन्हा बसवला, पहिल्यापेक्षा नीट.

दुसऱ्या दिवशी शेडचं दार उघडतोय, तर जमिनीवर पांढरी धूळ. थोरल्याने दुकानातली अंगाला लावायची पावडर दारापासून होडीपर्यंत बारीक भुरभुरून ठेवली होती. पावलं उमटावीत म्हणून. धाकट्याचा आनंद गगनात मावेना. म्हणजे मला फसवतोस? अरे, मी या धंद्यातला. कोपऱ्यात थोरल्याचे रबरी बूट होते. तो भिंतीला धरून तिथवर गेला, बूट चढवले आणि पावडरीवरून थेट थोरल्याच्या बाजूपर्यंत चालत गेला. तिथे गोल फिरला, एक उडी मारली आणि उलट्या पावली परत आला. बूट पुसून जागेवर.

थोरला आला. पावलं बघत बराच वेळ उभा राहिला. मग आपल्या बुटांकडे बघितलं. मग धाकट्याकडे.

"कोण आलं होतं?" त्याने विचारलं.

"मला काय ठाऊक. पावलं तुझ्याच मापाची दिसतायत. झोपेत चालतोस का? तुझ्या दुकानात काहीतरी असेल त्यावर गोळी."

थोरल्याने झाडू घेतला आणि सगळी पावडर झाडून काढली. तो झाडत असताना धाकट्याला दिसलं, की थोरल्याच्या बाजूलाही एका सांध्यातून वितभर कापूस लोंबतोय.

हे त्याने केलेलं नव्हतं. त्याला चमत्कारिक वाटलं. म्हणजे थोरल्याने स्वतःचाच उपसला, त्याच्यावर आळ यावा म्हणून? बाप रे, एवढी अक्कल? पहिल्यांदाच त्याला थोरल्याचा थोडा आदर वाटला, आणि त्याच वेळी भीतीही.

रंग वाळला. होडी सुलटी करून सरळ हातगाड्यावर घातली आणि धक्क्याच्या उतारापाशी उथळ पाण्यात भिजत ठेवली, म्हणजे लाकूड पाणी पिऊन फुगेल आणि सांधे आपोआप आवळले जातील. भिजायला ठेवली खरी, पण राखायची कोणी? थोरला खुर्ची टाकून काठावर बसला. धाकटा समोरच्या सलूनमध्ये आरशासमोर बसला, कारण आरशात खुर्ची आणि होडी दोन्ही दिसायची. न्हाव्याने तीनदा विचारलं, "अजून काय कापू?"

सुरुवातीला सांधे पाझरले, मग हळूहळू कोरडे झाले. दोन्ही बाजू कोरड्या. तरी दोघांचीही खात्री, की दुसऱ्याने काहीतरी करून ठेवलंय आणि ते मधल्या पाण्यात गेल्यावरच कळेल.

रविवारी आई छत्री टेकत धक्क्यावर आली. तिच्या मागे हॉटेलवाला, हातात मोजपट्टी घेऊन. होडीची लांबी घेऊन ठेवली म्हणे, फक्त चौकशी म्हणून.

"घोटे दाखवा," आई म्हणाली. दोघांनी पायजमे गुडघ्यापर्यंत दुमडले. "हे आता कोरडे आहेत. येताना असेच दिसायला हवेत. निघा."

वारा बेताचा होता. धाकट्याने शीड धरलं, थोरल्याने सुकाणू. बंदरातल्या भिंतीच्या आडोशाला होडी शहाण्या गाईसारखी चालली. मग थोरल्याने पातं खाली सोडलं आणि ती उघड्या पाण्यात आली.

आता इथे सांगायला हवं, की धाकट्याने येताना सदऱ्याच्या आत एक छोटी पाण्याची बाटली लपवली होती. नळाचं पाणी. होडीत खोडी काढायची नाही हा त्याचा स्वतःचा नियम होता, पण बुटांवर थोरला काहीच बोलला नव्हता, ते त्याला आत कुठेतरी डाचत होतं. एकदा तरी याने ओरडावं. पिंप अजून लांब असताना त्याने गुडघ्याआडून बाटली तिरकी केली आणि धार थोरल्याच्या पायाशी सोडली.

थोरल्याने खाली बघितलं. "पाणी," तो म्हणाला.

"कुठे? अरे हो. तुझ्याच बाजूला. अरेरे."

थोरल्याचा चेहरा उतरला. त्याने वाकून आपल्या सांध्यांवरून बोट फिरवलं, एकेक सांधा, अगदी सावकाश. बोट कोरडं. मग त्याने मान वर केली तेव्हा धाकट्याच्या सदऱ्यातून बाटलीचं बूच डोकावत होतं.

"मला वाटलंच," थोरला म्हणाला. "होडीतही तू तेच."

धाकटा हसत सुटला. बाटली काढून त्याने उलटी करून दाखवली, म्हणजे झालं. हसता हसता त्याने पाय हलवला, तर पाय गार लागला. खाली बघितलं. पाणी बाटलीभर नव्हतं. दोन बाटल्यांपेक्षाही जास्त होतं, आणि होडी कलली की एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला निवांत चकरा मारत होतं.

त्याचं हसू थांबलं. "दादा, पाणी येतंय."

"दिसतंय."

"खरंच येतंय."

"बाटली मोठी असणार."

"अरे, बाटली संपली. हे बघ. खालून येतंय."

थोरल्याने सुकाणू काखेत धरून हाताची घडी घातली. "किल्ली लागते म्हणालास तेव्हाही असाच चेहरा केला होतास."

"चाखून बघ. बाटलीतलं नळाचं होतं. हे खारट असेल."

थोरल्याने बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटून विचार केला. औषध चाखल्यासारखा. "खारट आहे," तो म्हणाला. "मीठ घालून आणलं असशील."

धाकट्याने कपाळावर हात मारला. आयुष्यभर पेरलेलं सगळं एकाच दिवशी उगवलं होतं. पाणी तळाच्या फळ्यांवर, पाय ठेवायला अंथरलेल्या सुट्या फळ्यांवर, चढलं. धक्क्यावर छत्री दिसत होती, छत्रीशेजारी मोजपट्टी चमकत होती. धाकट्याच्या डोळ्यासमोर होडी उभी राहिली, मधून कापलेली, पोटात बाटल्यांच्या रांगा. त्याने गुडघे टेकले, तळाच्या फळ्या उचकटून थोरल्याच्या पायाशी ढकलल्या आणि हातांनी चाचपायला लागला. डावी बाजू कोरडी. उजवी कोरडी. वाऱ्याचा झोत आला, पात्यावर जोर पडला आणि मधली पेटी कुरकुरली. तिच्या बुडातून, पेटी जिथे कण्यावर बसवली होती तिथून, पाण्याचं एक बारीक पातळ पान उगवलं आणि पसरलं.

पेटीच्या बुडाशी खडूचा एक तुकडाही चिकटला होता. खाचेत पडलेला. फुगून पिठासारखा झालेला.

"दादा," धाकटा हळूच म्हणाला, "ही पेटी कोणाच्या वाटणीला आली होती?"

थोरल्याने हाताची घडी सोडली. तो वाकला. त्याने पेटीकडे बघितलं, मग धाकट्याच्या तोंडाकडे, बराच वेळ. त्या तोंडावर हसू नव्हतं. थोरल्याने ते तोंड हसूशिवाय फारसं बघितलेलं नव्हतं.

"मला वाटलं तू केलीस," तो म्हणाला.

"मला वाटलं तू."

"तू खाच सोडून पुढे रेघ ओढलीस."

"तूच सांगितलंस."

बाजू दोघांनी जिवापाड सांभाळल्या होत्या, फटीफटींतून एकमेकांना राखलं होतं, आणि जी वस्तू रोज डोळ्यासमोर आडवी येत होती, तिच्या बुडातला कापूस तसाच, बापाच्या हातचा, कुजून गेलेला.

"पातं थोडं वर घे, जोर कमी होईल," थोरला म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. त्याने खिशात हात घातला आणि कापसाची गुंडाळी काढली, दुकानातली, जखमेला लावायची. दुसऱ्या खिशातून व्हॅसलीनची डबी.

"हे कशाला आणलंस?"

"तुझी बाजू गळणार अशी माझी खात्री होती."

धाकट्याला यावर रागही आला आणि गहिवरूनही आलं, पण वेळ नव्हता. त्याने कमरेचा जुडगा सोडला, त्यातली सगळ्यात रुंद, अजून न कापलेली कोरी किल्ली निवडली. थोरला कापसाला व्हॅसलीन चोळून पेड वळायचा, धाकटा किल्लीच्या टोकाने तो पेटीच्या बुडात खुपसायचा. मोगरीच्या जागी बाटलीचं बूड. सुकाणू थोरल्याच्या काखेत, शिडाची दोरी धाकट्याच्या दातात. पिंपाला वळसा त्यांनी कसा घातला ते दोघांनाही नीट आठवत नाही. पाणी थांबलं नाही, पण यायचं ते रडतखडत यायला लागलं. थोरल्याने आपली टोपी काढून उपसायला घेतली. ती टोपी त्याने पावसातही कधी भिजू दिली नव्हती.

तरी धक्का जवळ आला तेव्हा पाणी घोट्याच्या खाली बोटभरच होतं, आणि प्रत्येक लाटेला घोटा चाखून जात होतं. टोपी फाटली होती.

"संपलं," धाकटा म्हणाला. "तिच्या डोळ्यातून नाही सुटणार."

थोरला आपल्या पायाशी पडलेल्या तळाच्या फळ्यांकडे बघत होता. तोलूनमापून बघत होता. मग त्याने एक फळी उचलली, दुसऱ्या फळीवर ठेवली, तिच्यावर तिसरी, आणि त्या ढिगावर पाय ठेवले. घोटे पाण्यापासून चांगले वर आले. "अट घोट्याची आहे," तो म्हणाला. "तळाची नाही. तुझ्याही पायाखाली घे. आणि पाय पूस."

धाकटा त्याच्याकडे बघतच राहिला. "दादा, हे तू बोलतोयस?"

"पूस लवकर. तोंड बंद कर, तोंडावरून कळतं."

होडी उताराला लागली. आई पुढे आली, छत्रीच्या टोकाने काठ धरून आत वाकली. चार घोटे, चारही कोरडे. खाली फळ्यांच्या दोन चळती, त्याखाली पाणी. हॉटेलवाला म्हणाला, "पण हे तर फळ्यांवर फळ्या..."

"अट मी घातली होती," आई म्हणाली. "घोट्याला पाणी लागलं का? नाही. तुमच्या बाटल्यांना दुसरं कपाट बघा." हॉटेलवाल्याने मोजपट्टी गुंडाळली आणि निघून गेला. मग ती दोघांकडे वळली. आवाज अगदी परीक्षेच्या वर्गातला. "आता सांगा. ही अक्कल कोणाची?"

धाकट्याने सवयीने तोंड उघडलं. पण थोरला आधी बोलला. "माझी."

आईने त्याच्याकडे बघितलं, मग धाकट्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "त्याला पाठीशी घालू नकोस," ती म्हणाली. "लहानपणापासून तू हेच करतोस."

"आई, खरंच मीच..."

"पुरे. तुला साधं चिंचोके खेळतानाही फसवता यायचं नाही."

थोरल्याचं तोंड बघण्यासारखं झालं. जन्मात एक लबाडी केली आणि तीही दुसऱ्याच्या खात्यावर गेली. धाकट्याने मान खाली घातली, पश्चात्ताप झाल्यासारखी, आणि खांदे हलू नयेत म्हणून दात आवळले.

आई वळली तेव्हा त्याला तिचा अंबाडा दिसला. अंबाड्यातला लांब काटा, आणि काट्याच्या टोकाला चिकटलेला पांढरा धागा.

"आई," तो म्हणाला, "सांध्यातला कापूस तू उपसलास?"

"मग? तुम्ही दोघं जेवायला गेलात की मी बघून यायचे. दोन्ही बाजू उपसून बघितल्या, एकेक जागा. बरा ठोकला होता."

"आणि मधली पेटी?"

"होडी पालथी होती. आतलं मला काय दिसणार?" ती छत्री टेकत चढाव चढायला लागली. "ती तुम्ही बघायची. दोघं मिळून म्हटलं होतं मी."

होडी त्याच संध्याकाळी पुन्हा शेडमध्ये आली, या वेळी सुलटी, आणि दोघांनी पेटीच्या बुडातली कुजकी पुट्टी नखांनी उकरून काढली. पेटी काढायची ठरली, आणि ती काढायचा मान कोणाचा यावरून तिथल्या तिथे जुंपली. पेटी माझी, थोरला म्हणाला, कारण कापूस माझा. पेटी माझी, धाकटा म्हणाला, कारण किल्ली माझी, आणि ती अजून आत अडकलीय. खडू मात्र दोघांपैकी कोणी काढला नाही.

सोमवारी सकाळी धाकटा गाळा उघडायला गेला, तर किल्ली कुलपात जाईना. वाकून बघितलं. भोकात पुट्टी भरली होती. नुसती कोंबलेली नाही. आधी खाली कापूस, वर पुट्टी, आणि बोटाने एकसारखी गुळगुळीत केलेली. पाण्यात सोडलं असतं तरी कुलूप गळलं नसतं. बाजार जमला. कुलूपवाला स्वतःच्या कुलपाबाहेर उभा, हे बघायला फुलवालीने गिऱ्हाईक सोडलं.

"दादाने केलंय," धाकटा म्हणाला. आनंदाने त्याचा आवाज चिरकला होता.

सगळे हसले. "काहीतरीच," फुलवाली म्हणाली. "ते देवमाणूस. तुम्हीच केलं असणार, आम्हाला हसवायला."

त्याने बायकोकडे बघितलं. ती डबा घेऊन आली होती. निदान तिने तरी ऐकावं.

"भाऊजींवर कशाला ढकलता?" ती म्हणाली. "हात बघू तुमचे. पुट्टी लागलीय का नखांत?"

लागलेली होती. कालचीच.